दोघांचं गाणं, एकाचा गळा

‘ब्लॅक पुमाज’ या अमेरिकन जोडीची गाणी ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, हा आवाज एवढा मादक का वाटतो? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘जुन्या गाण्यांसारखं वाटतं.’ उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. सांगलीच्या विश्रामबागेत राहणारा, इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा ही गाणी कानात घालून कॉलेजला जातो. त्याने १९६८ सालचं मेम्फिस, अमेरिकेतलं सोल गाण्यांचं ते शहर, पाहिलेलं नाही, त्याच्या आईनेही नाही, आणि आमच्या घरात सोलची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यातून आलेल्या त्या प्रेमगीतांची, तबकडी कधी फिरली नाही. आमच्याकडे वाजायची ती आकाशवाणी सांगली, आणि सकाळी भीमसेनजींचे अभंग. जे आपलं कधी नव्हतंच त्याची आठवण येणार कुठून? तेव्हा ‘जुन्याची ओढ’ हे कारण जरा बाजूला ठेवू आणि त्या गळ्यात, त्या वाजवण्यात नेमकं काय घडतं ते बघू. त्यातलं बरंचसं समजून घ्यायला मिरजेच्या पुढे जावं लागत नाही.

आधी माणसं. टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर. तिथे एड्रियन केसाडा नावाचा गिटारवादक आणि निर्माता. आधी तो ‘ग्रुपो फँतास्मा’ या लॅटिन वाद्यवृंदात होता, आणि त्या वाद्यवृंदाला २०११ साली ग्रॅमीही मिळालं होतं. त्याच्याकडे काही वाद्यमेळ तयार होते, गळा नव्हता. दुसरा एरिक बर्टन. हा चर्चमध्ये गात वाढला, पुढे लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाच्या धक्क्यावर आणि मग ऑस्टिनच्या रस्त्यांवर गिटार घेऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर गायचा. एका ओळखीच्या माणसाने दोघांची गाठ घालून दिली, आणि बर्टनने केसाडाला पहिल्यांदा गाऊन दाखवलं ते चक्क फोनवर. २०१९ च्या जूनमध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. २०२० मध्ये सर्वोत्तम नवोदित कलाकाराच्या ग्रॅमीसाठी नामांकन, पुढच्या वर्षी थेट ‘अल्बम ऑफ द इयर’साठी. २० जानेवारी २०२१ ला बायडन यांच्या शपथविधीच्या रात्री टीव्हीवर जो गाण्यांचा कार्यक्रम झाला, त्यातही हे होते. मंचावर त्यांच्याबरोबर बास, ड्रम, कीबोर्ड आणि मागे साथीला गाणारे असे पुष्कळ जण असतात, पण जोडी म्हणायची ती या दोघांचीच.

आता गळा. बर्टनचा आवाज पहिल्या ओळीला जवळजवळ बोलल्यासारखा येतो. मऊ, थोडा हवेशीर, खालच्या पट्टीतला. मग कुठेतरी मध्ये त्याला धार येते, शेवटाकडे तो फाटल्यासारखा होतो आणि त्याच दमात वर एका पातळ, तलम जागी जाऊन थांबतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माझ्याशीच बोलतोय आणि याला काहीतरी लपवायचंय. या ‘वाटण्या’मागे शरीराचं साधं कारण आहे.

आपल्या स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. तंतू म्हणतो आपण, पण आहेत त्या ओलसर स्नायूंच्या दोन घड्या. फुप्फुसातली हवा त्यांच्यामधून जाते तेव्हा त्या सारख्या मिटतात आणि उघडतात. पुरुष बोलत असताना हे सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा घडतं, बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. दर वेळी घड्या पूर्ण मिटल्या तर आवाज स्वच्छ, टोकदार येतो. मिटताना जराशी फट राहिली तर सुरासोबत नुसती हवाही बाहेर पडते. त्यालाच आपण हवेशीर किंवा कुजबुजता आवाज म्हणतो. आणि घड्यांची हालचाल थोडी अनियमित झाली, किंवा त्यांच्या वरच्या भागातल्या आणखी दोन घड्याही थरथरू लागल्या, की आवाजाला खर येते. माणूस झोपेतून नुकताच उठलेला असतो, रडून मोकळा झालेला असतो किंवा कुणाच्या अगदी जवळ बसून हळू बोलत असतो, तेव्हा त्याचा आवाज असाच असतो. हे आवाज आपण जन्मापासून ओळखतो. म्हणून गायकाने सुरात राहून ते वापरले की शब्द कळायच्या आधीच आपल्याला जवळीक जाणवते. माझ्या भाच्याला बर्टनचे निम्मे शब्द कळत नाहीत, आणि त्याचं काही अडतही नाही.

इथे मिरजेची गोष्ट आलीच पाहिजे. मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्यांची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, लाकूड तुणीचं, पण तंबोरा जिवंत होतो तो जवारी काढल्यावर. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट, किंचित उताराचा असतो. कारागीर तो कानसेने इतका बारीक घासतो, की वाजणारी तार त्या माथ्याला सतत हलकेच चाटत राहते. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवून नेमकी जागा साधतो. धागा केसभर इकडचा तिकडे झाला तर तार मुकी वाजते. जागा बरोबर साधली की एका तारेतून कितीतरी वरचे स्वर, म्हणजे उपस्वर, फुटतात आणि वातावरण भरून जातं. यात विज्ञानालाही रस होता. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं. तार एखाद्या ठिकाणी छेडली की त्या बिंदूशी जोडलेले काही उपस्वर उमटूच नयेत, असा नियम. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते उमटतात, कारण घोडी त्यांना पुन्हा पुन्हा जागं करते.

आपल्याकडे गायकाबद्दलही सहज म्हणतात, ‘आवाजाला जवारी आहे.’ तंबोऱ्याची जवारी आणि गळ्यातली खर या भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच गोष्ट नव्हेत. पहिलीत सुबक उपस्वर असतात, दुसरीत थोडा निव्वळ खरखराट. पण दोन्हीकडे कानाला मिळतं ते सारखंच: एका स्वराच्या जागी स्वरांचा पुंजका, आणि त्यात सतत चाललेली बारीक हालचाल. अगदी गुळगुळीत स्वर कानाला एका क्षणात कळतो आणि मग त्यात ऐकायला काही उरत नाही. खर असलेल्या स्वरात कान गुंतून राहतो.

म्हणजे घोगरा, भारी आवाज असला की झालं का? नाही. त्याच मिरजेत ज्यांची कबर आहे, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज यापेक्षा अगदी वेगळा होता. पातळ, उंच, मऊ. १९३७ साली ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने दरवर्षी गाणं होतं आणि मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावतात. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर आवाजामागे सगळी खरखर आहे, तरी त्या आवाजातली आर्तता आजही अंगावर येते. ती येते सुराला हळूच, खालून स्पर्श करण्यातून. तेव्हा बर्टनची जादू नुसत्या खरेतही नाही, तो ती कधी आणि किती वापरतो यात आहे. सगळं गाणं खरखरीत गाणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यांचा कंटाळा येतो.

असा जवळून बोलणारा आवाज गाण्यात आला कधी? याचं उत्तर गळ्यात सापडत नाही, ते यंत्रात आहे. सांगली ही नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथेच राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ केलं. पुढे संगीत नाटकाचा जमाना आला, तेव्हाही नटाचा आवाज मागच्या पिटापर्यंत, मायक्रोफोनशिवाय पोचायला लागे. म्हणून चढी पट्टी, उघडा आवाज, स्पष्ट उच्चार. कुजबुजून गाणारा नट दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेला नसता. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगचीही तीच तऱ्हा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान गायल्या त्या एका कर्ण्यात तोंड घालून. आवाजाच्या जोरानेच सुई मेणावर रेघ ओढायची. १९२५ पासून विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आलं, मायक्रोफोन आला, आणि हळू गाण्याला पहिल्यांदा किंमत आली.

मायक्रोफोनचा एक गुण तर या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ, दोन-चार बोटांवर तोंड नेलं, की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो. त्याच वेळी ओठांचा आवाज, घेतलेला श्वास, ‘स’ची शीळ हेही टिपलं जातं. प्रत्यक्षात एखाद्याचा श्वास एवढा स्पष्ट ऐकू येतो, तो त्याचं डोकं आपल्या खांद्यावर असेल तेव्हाच. रेकॉर्डिंग आपल्याला ती जागा फुकट देतं. सांगलीतच जन्मलेल्या आशाताईंनी हे तंत्र हिंदी चित्रपटात किती आधी पचवलं होतं, ते १९५०-६० च्या दशकांतली त्यांची क्लबमधली गाणी ऐकली की कळतं. श्वास त्यांच्याकडे वाद्यासारखा वाजतो. अमेरिकेत सत्तरच्या दशकात मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत विली मिचेल या निर्मात्याने अल ग्रीन या गायकाला हाच धडा दिला: ओरडू नकोस, हळू गा. बर्टन थेट त्याच वंशातला आहे.

आता जरा लयीकडे येऊ, कारण मादकपणाचा मोठा भाग तिथे आहे आणि तो सहज ध्यानात येत नाही.

ड्रमवर एक-दोन-तीन-चार चाललेलं असतं. दोन आणि चारवर ठोका जोरात. गायक मात्र त्या ठोक्यावर शब्द टाकत नाही, किंचित मागे टाकतो. किती मागे? सेकंदाचा विसावा-तिसावा भाग. घड्याळाने मोजायला गेलं तर काहीच नाही, पण कान हे फरक पकडतो आणि त्याचा अर्थ लावतो: या माणसाला घाई नाही. आपल्या नाट्यगीतात आणि ठुमरीत मात्रेच्या मागे रेंगाळून, शेवटी समेला अचूक येऊन मिळणं हा जुना खेळ आहे. सोलमध्ये फक्त गायकच नाही, वाद्यंही कधी कधी मागे ओढतात. १९६५ मध्ये मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत जेरी वेक्सलर या निर्मात्याने वादकांना तेव्हाचा एक नवा नाच स्वतः करून दाखवला, ठोका किती उशिरा पडायला हवा हे कळावं म्हणून. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर आणि ड्रमर या दोघांनी तो उशीर तसाच उचलला आणि पुढे तो त्या घराण्याचा गुणच झाला. आज संगणकावर गाणं बनवताना प्रत्येक ठोका एका कळीने बरोबर जागेवर बसवता येतो, आणि बहुतेक जण बसवतातही. असं गाणं नाचायला उत्तम. पण त्यात वाट बघायला लावणं नसतं, आणि मादक आवाजाचं सगळं काम वाट बघायला लावण्याचंच असतं.

सुरांतही असाच एक चोरटा प्रकार आहे. आमच्या गल्लीतले एक काका भजनी मंडळात पेटी वाजवतात. भाच्याने त्यांना एकदा या जोडीचं गाणं ऐकवलं. काकांनी दोन मिनिटं शांतपणे ऐकलं आणि पेटी ओढून त्यावर बोटं ठेवली.

‘पोरा, हा गंधार माझ्या पेटीत नाही बघ.’

‘म्हणजे बेसूर गातोय का काका?’

‘बेसूर कशानं? कोमल दाबला तर खाली राहतोय, शुद्ध दाबला तर वर जातोय. मधेच कुठंतरी बसलाय गडी.’

काकांनी एका वाक्यात ब्लूज समजावून सांगितलं. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या गाण्यात गंधार आणि निषाद असे कोमल-शुद्धाच्या मध्ये कुठेतरी लागतात, आणि एका जागी थांबतही नाहीत. पियानोच्या पट्ट्या ठरलेल्या, म्हणून पियानोला ते जमत नाहीत. गिटारवाला तार बाजूला ओढून ते काढतो, सतारीया मींड ओढतो तसं. आपल्याला हे नवं का वाटत नाही, तर दरबारीचा गंधार आपण ऐकलेला असतो. तोही कोमलाच्या जागी गप्प बसत नाही, झुलत राहतो. (पेटीची ही अडचण आपल्याकडे एवढी गंभीर मानली गेली होती, की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. काकांना हा विषय काढलेला आवडत नाही.) स्वर कोमल की शुद्ध हे ठरत नाही, तेव्हा भावनाही ठरत नाही. आनंद आहे की दुःख, बोलावणं आहे की निरोप? ऐकणारा तो स्वर आपापल्या मनाप्रमाणे पुरा करतो.

पण सोलचा सर्वांत मोठा दागिना मला वाटतो तो पुनरुक्तीचा, आणि त्याचं उत्तम उदाहरण साताऱ्याकडचं आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर. १९७५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ मध्ये पद्मश्री, आणि शंभरी ओलांडून २०१८ साली त्या गेल्या. बैठकीची लावणी म्हणजे फडावरची ढोलकीच्या तोडीची, अंग घुसळणारी लावणी नव्हे. बाई बसलेली. साथीला पेटी-तबला. आणि एकच ओळ ती पुन्हा पुन्हा गाते. पहिल्यांदा तक्रार म्हणून, मग लाडीगोडी म्हणून, मग जरा रागावून, मग फक्त भुवई उचलून. शब्द तेच, अर्थ दर खेपेला वेगळा. याला अदाकारी म्हणतात, आणि ती मुद्रेइतकीच गळ्यातही असते. ओळीतल्या एकाच शब्दावर हरकत घेऊन तो शब्द उलटा करून दाखवणं हे गळ्याचंच काम.

बर्टनच्या गाण्याचा शेवटचा मिनिटभर असा ऐका. कडवी संपलेली असतात, एकच ओळ उरलेली असते, मागचे गायक ती धरून ठेवतात आणि तो तिच्याशी खेळतो. मध्येच शब्द सोडून नुसता हुंकार, एका अक्षरावर पाच-सहा स्वर, मध्येच एक किंकाळी. ही रीत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली. तिथे मुख्य गायकाने ओळ टाकायची, मंडळींनी ती उचलायची. आपल्या शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात तीच रचना. १९५४-५५ च्या सुमारास रे चार्ल्स या गायकाने चर्चच्या चालीत प्रेमगीतं घातली तेव्हा अनेक भाविक लोक खवळले. आपल्याकडे तमाशात आधी गण होतो, मग गवळण, मग लावणी, एकाच रात्री, त्याच गळ्यातून. भक्ती आणि शृंगार यांच्यामधली भिंत आपल्याकडे नेहमी पातळच राहिलेली आहे, त्यामुळे सोल गायक प्रेयसीला देवाला आळवावं तसं आळवतो याचं मराठी कानाला नवल वाटू नये.

वरच्या पातळ आवाजाबद्दल थोडक्यात. पुरुष गायक जेव्हा एकदम उंच, तलम आवाजात जातो तेव्हा स्वरतंतूंची फक्त कड थरथरते, जाड भाग स्वस्थ असतो. कर्टिस मेफिल्ड, स्मोकी रॉबिन्सन या सोल गायकांनी त्यावर आपली अख्खी कारकीर्द उभी केली. दांडगा दिसणारा पुरुष असं गायला लागला की तो ढाल खाली ठेवतो असं वाटतं. ज्या मुलखाने बालगंधर्वांवर जीव ओवाळून टाकला, त्या मुलखाला पुरुषाच्या गळ्यातला हळवेपणा समजावून सांगायला नको.

मग केसाडा काय करतो? तो जागा करतो.

हे काम दिसत नाही म्हणून त्याचं कौतुक कमी होतं. त्याची गिटार फार वेळा फक्त ठोक्याच्या मध्ये एक छोटा तुकडा वाजवून गप्प बसते. बास गोल आणि मोजका. ऑर्गन मागे धूसर. गायक श्वास घेतो तेव्हाच एखादं वाद्य बोलतं. उत्तम तबलजी बैठकीत असंच वागतो, बाई अदा करत असते तेव्हा तो नुसता ठेका धरून बसतो. या उलट आपल्या रस्त्यावर काय चालतं ते बघा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॅक्टरवर डेक लागतो. त्यावरची गाणी अशी बनवलेली असतात, की इंजिनाच्या आवाजावर मात झाली पाहिजे. म्हणून प्रत्येक क्षण सारखाच मोठा, एकही रिकामी जागा नाही. त्या कामाला ती गाणी बरोबरच आहेत, माझी तक्रार नाही. पण हळू आवाजाला तिथे थारा नाही.

जुन्या वळणाचा जो आवाज आपण म्हणतो, तो असा हळू गळ्याला सोयीचा असतो, हे लक्षात आलं की ‘रेट्रो’ या प्रकाराकडे बघायची नजर बदलते. मेम्फिसचे स्टॅक्स आणि रॉयल हे दोन्ही स्टुडिओ मूळचे सिनेमागृहं. जमीन उताराची, छत उंच, वादक एकत्र बसून वाजवायचे, त्यामुळे एकाच्या मायक्रोफोनमध्ये दुसऱ्याचं वाद्य थोडं शिरायचं. तेव्हाच्या तंत्रज्ञांना ती अडचण वाटायची, आज लोक तेच मुद्दाम घडवून आणतात. रेकॉर्डिंग व्हायचं चुंबकीय फितीवर. फितीवर आवाज जास्त जोरात गेला तर ती तो कर्कशपणे तोडत नाही. टोकं गोल करते आणि स्वतःचे थोडे उपस्वर मिसळते. गायक अचानक किंचाळला तरी कानाला टोचत नाही, गरम लागतं. घुमारा हवा असेल तर १९५७ मध्ये जर्मनीच्या ईएमटी कंपनीने आणलेलं एक अवजड यंत्र असे: लाकडी खोक्यात टांगलेला पोलादाचा मोठा पातळ पत्रा. आवाज त्या पत्र्यात सोडायचा, पत्रा थरथरायचा, ती थरथर पुन्हा टिपायची. गायकाच्या मागे जो दाट, रेशमी घुमारा ऐकू येतो तो देवळाचाही नाही आणि सभागृहाचाही नाही, तो त्या पत्र्याचा. आता हे सगळं संगणकात नकलून मिळतं.

आणि तरीही ब्लॅक पुमाज ही १९६८ ची नक्कल नाही. त्यांची बास आणि ड्रम त्या काळच्या तबकड्यांपेक्षा कितीतरी भारी वाजतात. तेव्हा खोल खर्ज तबकडीवर घालणं अवघड होतं. त्यासाठी खाच रुंद कापावी लागे, जागा जाई आणि सुई उडायची भीती असे. शिवाय मध्ये हिप-हॉप येऊन गेलं, ज्याने जुन्या सोल तबकड्यांवरचे ड्रमचे तुकडे उचलून, मोठे करून वाजवले. केसाडाचा ठेका त्या शाळेतला आहे. म्हणजे भाच्याला जे ‘जुनं’ वाटतं, त्याचा पाया त्याच्याच काळातल्या गाण्यांचा आहे आणि वरचं घर तेवढं जुन्या धाटणीचं. म्हणूनच ते त्याला परकं वाटत नाही.

या प्रकाराला एक कडू बाजू आहे. हा जुना आवाज आज सगळ्यांना हवा असतो, ज्यांच्याकडून तो आला त्यांना मात्र तो विकताना पुष्कळ सोसावं लागलं. शॅरन जोन्स ही न्यूयॉर्कची गायिका. तरुणपणी रेकॉर्ड कंपन्यांनी तिला रंग, उंची, जाडी, वय अशी कारणं सांगून नाकारलं. तिने पोटासाठी रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरी केली. तिचा पहिला पूर्ण अल्बम २००२ मध्ये आला तेव्हा तिची पन्नाशी जवळ आली होती. तिच्याच वादकांनी २००६ मध्ये एमी वाईनहाऊस या ब्रिटिश गायिकेच्या गाजलेल्या अल्बमसाठी वाजवलं आणि जग जुन्या सोलच्या प्रेमात पडलं. शॅरन २०१६ मध्ये गेली. यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. गळ्यात जे उतरतं त्यातलं थोडं अशा आयुष्यातून येतं, असं म्हणायचा मोह होतो. मी तो टाळतो, कारण दुःख भोगलेले बेसूर लोकही पुष्कळ आहेत. शॅरन आणि यमुनाबाई या दोघींनी आधी गाणं शिकलं होतं, रियाज केला होता. दुःखाला श्रेय देऊन आपण त्यांच्या मेहनतीचं श्रेय काढून घेतो.

यावरून आठवलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात हल्ली मुलं घसा आवळून खर आणतात. हे करू नये. तयार गायक ती खर स्वरतंतूंच्या वर असलेल्या त्या दुसऱ्या दोन घड्यांतून, हवेचा दाब सांभाळून काढतो आणि दोन सेकंदांत सोडतो. नवशिका मूळ तंतूच एकमेकांवर घासतो. महिनोन्‌महिने तसं केलं तर त्यांवर गाठी येतात, आवाज बसतो आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आधी काही दिवस गप्प बसायचं औषध मिळतं. कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला राहत असेल, तर ती शैली नाही, इजा आहे.

ऐकायचं असेल तर फोनच्या स्पीकरवर मात्र नको. तेवढ्याशा स्पीकरमधून दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही, आणि बासचं जवळजवळ सगळं काम त्याखालीच चालतं. बर्टनच्या आवाजातला खर्जही बराचसा तिथेच राहतो. साधे वायरचे इअरफोन पुरतात. पहिल्या खेपेला गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त गिटार ऐकायची, ती कुठे कुठे वाजत नाही ते मोजत. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मामा, अहो बहुतेक वेळ ती वाजतच नाही की.’